सिकलसेल : एका अक्षराची आनुवंशिकी

गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतचा पूर्व विदर्भ, अमरावती जिल्ह्यातील मेळघाट आणि सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार या भागांत 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' हे शब्द आता केवळ डॉक्टरांचे उरलेले नाहीत. ते आरोग्य केंद्रात, आश्रमशाळेत आणि लग्नाच्या बोलणीतही ऐकू येतात. रक्ताच्या एका तपासणीवरून ठरणारी ही दोन अक्षरे सिकलसेल या आनुवंशिक आजाराशी निगडित असून, त्यांचा अर्थ नीट उलगडला तर आनुवंशिकी आणि रेणवीय जीवशास्त्र या दोन्ही विषयांतील बहुतेक पायाभूत कल्पना त्याच ओघात समजतात. शालेय पुस्तकांत या कल्पना ग्रेगोर मेंडेल याच्या वाटाण्यांपासून सुरू होतात आणि ऐतिहासिकदृष्ट्या ते योग्यही आहे. परंतु उंच आणि बुटक्या रोपांमधील फरक नेमक्या कोणत्या रेणूमुळे पडतो हे कळायला मेंडेलनंतर शतकाहून अधिक काळ जावा लागला, तर सिकलसेलच्या बाबतीत डीएनएमधील एका अक्षरापासून रुग्णाच्या सांध्यांतील वेदनेपर्यंतची साखळी जवळजवळ कडी न् कडी ज्ञात आहे.

या साखळीच्या मध्यभागी हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ले नावाच्या लहान रेणूंची ठरावीक क्रमाने जोडलेली आणि विशिष्ट आकारात दुमडलेली साखळी. निसर्गातील प्रथिने प्रामुख्याने अशा वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात आणि प्रथिनाचा आकार व काम दोन्ही त्यांच्या क्रमावर ठरतात. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि १४६ अमिनो आम्लांच्या दोन बीटा अशा चार साखळ्या असतात, प्रत्येकीत लोहाचा अणू धरून ठेवणारा एक घटक असतो आणि फुप्फुसात मिळालेला ऑक्सिजन त्या लोहाला चिकटून शरीरभर पोहोचतो. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने भरलेले असतात, आणि ही दाटीच पुढे अनर्थाला कारण होते.

१९१० साली शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी कॅरिबियनमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या, लांबट पेशी दिसल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या पेशी तशा का होतात याचे उत्तर मिळायला पुढची जवळपास चार दशके लागली. १९४९ साली लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तीचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवले असता दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकतात, म्हणजेच त्यांच्यावरील विद्युतभार निराळा आहे, असे दाखवून दिले. विद्युतभारानुसार रेणू वेगळे करण्याच्या या पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. एखादा आजार जंतूमुळे किंवा कुपोषणामुळे नव्हे, तर एका रेणूच्या घडणीतील दोषामुळे होऊ शकतो, ही कल्पना या प्रयोगाने वैद्यकात रुजवली. याच प्रयोगात आजार नसलेल्या काही व्यक्तींच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन एकत्र आढळले, आणि ही गोष्ट मूळ शोधाइतकीच महत्त्वाची होती.

फरक नेमका कुठे आहे हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्राम यांनी १९५६-५७ मध्ये शोधून काढले. त्यांनी ट्रिप्सिन या विकराने, म्हणजे प्रथिनाला ठरावीक जागीच कापणाऱ्या पदार्थाने, हिमोग्लोबिनचे तुकडे केले, ते गाळणकागदावर एका दिशेने विजेच्या आणि दुसऱ्या दिशेने द्रावकाच्या साहाय्याने पसरवले आणि उमटलेल्या सुमारे तीस ठिपक्यांचे दोन कागद शेजारी ठेवून तुलना केली. बाकी सगळे ठिपके जागच्या जागी होते; एकच सरकलेला होता. त्या तुकड्याची फोड केल्यावर बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले असल्याचे निष्पन्न झाले. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, व्हॅलिनवर कोणताच भार नसतो. पॉलिंग यांना दिसलेला वेगातील फरक त्यातूनच आलेला होता.

बीटा साखळीतील अमिनो आम्लांचा क्रम ठरतो तो ११व्या गुणसूत्रावरील एका जनुकाने. गुणसूत्र म्हणजे पेशीच्या केंद्रकातील डीएनएचा प्रथिनांभोवती गुंडाळलेला प्रदीर्घ रेणू. माणसात अशी गुणसूत्रे २३ जोड्यांत असतात आणि प्रत्येक जोडीतील एक आईकडून, तर दुसरे वडिलांकडून आलेले असते. डीएनएच्या दोन धाग्यांवर ए, टी, जी आणि सी या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे चार घटक ओळीने मांडलेले असतात, एका धाग्यावरील ए समोर टी आणि जी समोर सी येतो, आणि या जोड्यांच्या नियमामुळेच पेशी दुभंगताना प्रत्येक धाग्यावरून दुसरा धागा नव्याने रचता येतो. ज्या भागातील अक्षरक्रम एखाद्या प्रथिनाची किंवा कार्यकारी आरएनएची रचना ठरवतो त्या भागाला जनुक म्हणतात.

जनुकापासून प्रथिन थेट तयार होत नाही. प्रथम जनुकातील अक्षरक्रमाची आरएनए या डीएनएच्या भाऊबंद रेणूत नक्कल होते, ज्यात टीच्या जागी यू येतो. या टप्प्याला प्रतिलेखन म्हणतात. बीटा जनुकात मजकुराचे तीन खंड असून त्यांच्या मधल्या दोन भागांतून प्रथिन घडत नाही. ते भाग आरएनएमधून कापून टाकले जातात आणि उरलेला संदेशवाहक आरएनए केंद्रकाबाहेर प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमकडे जातो. तेथे तीन-तीन अक्षरांचा एक गट याप्रमाणे संदेश वाचला जातो, प्रत्येक गटामागे एक अमिनो आम्ल साखळीत जोडले जाते आणि हा दुसरा टप्पा भाषांतरण म्हणून ओळखला जातो. तीन अक्षरांच्या गटाला कोडॉन म्हणतात. कोणता कोडॉन कोणत्या अमिनो आम्लासाठी हे कोडे १९६०च्या दशकात मार्शल निरेनबर्ग, हरगोविंद खुराना आणि इतरांनी सोडवले, ज्यासाठी १९६८ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

बीटा जनुकातील तो सहावा कोडॉन जवळून पाहण्याजोगा आहे. (साखळीच्या आरंभी जोडले जाणारे आणि नंतर गळून पडणारे अमिनो आम्ल धरले तर तो सातवा ठरतो, आणि नव्या संशोधनपत्रांत तसाच लिहिलेला आढळतो, विद्यार्थ्यांनी त्यामुळे गोंधळून जाऊ नये.) निरोगी रूपात तेथे जी-ए-जी अशी अक्षरे असतात. मधल्या ए ऐवजी टी आला की जी-टी-जी होते, संदेशात ते जी-यू-जी म्हणून उतरते आणि व्हॅलिन जोडले जाते. मात्र बदल पहिल्या अक्षरात होऊन ए-ए-जी झाले तर लायसिन बसते आणि पश्चिम आफ्रिकेत आढळणारे हिमोग्लोबिन सी हे वेगळे, तुलनेने सौम्य रूप तयार होते. आणि तिसऱ्या अक्षराचा बदल होऊन जी-ए-ए झाले तर पुन्हा ग्लुटामिक आम्लच मिळते, प्रथिनात काहीच बदलत नाही. डीएनएच्या अक्षरक्रमातील अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. उत्परिवर्तन म्हणजे बिघाडच, असा जो सर्रास समज आढळतो तो किती उथळ आहे हे या एकाच कोडॉनवरून ध्यानात यावे.

व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहणारे आहे. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवरील एका खोलगट जागेत हे व्हॅलिन नेमके बसते. रेणूला रेणू जुळत जाऊन चौदा पदरी ताठ तंतू तयार होतात आणि ते पेशीला आतून ढकलून विळ्याचा आकार देतात. ऑक्सिजन मिळाल्यावर तंतू विरघळतात, पण हे वारंवार घडले की पेशीचे आवरण कायमचे बिघडते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर अशी पेशी बहुधा १० ते २० दिवसांतच फुटते, त्यामुळे रक्तक्षय होतो. ताठ आणि चिकट पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात, प्लीहेचे कार्य लहानपणीच मंदावून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि कधी मेंदूचा रक्तपुरवठाही खंडित होतो. थंडी, पाण्याची कमतरता, ताप आणि अतिश्रम यांनी हे झटके उद्भवतात. जनुक तेच असताना रुग्णाचा दिवस कसा जाईल हे पुष्कळ अंशी पाण्याच्या तांब्यावर आणि अंगावरच्या पांघरुणावर अवलंबून असते.

बीटा जनुकाच्या दोन प्रती प्रत्येक व्यक्तीत असतात. दोन्ही निरोगी असल्यास एए, एक बदललेली असल्यास एएस आणि दोन्ही बदललेल्या असल्यास एसएस, अशी ही नोंद असते. दोन्ही प्रती सारख्या असतील तर व्यक्ती समयुग्मजी आणि भिन्न असतील तर विषमयुग्मजी म्हटली जाते. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना दोहोंपैकी एकच प्रत पुढे जाते, हा मेंडेलचा विलगीकरणाचा नियम. त्यानुसार आई आणि वडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक गर्भधारणेत एए अपत्याची शक्यता २५ टक्के, एएसची ५० टक्के आणि एसएसची २५ टक्के असते. यावरून चार अपत्यांपैकी एकच आजारी होणार, पहिले आजारी झाले म्हणजे पुढची तिघे सुटली, असा निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. नाणेफेकीत आधीचा कौल पुढच्या कौलाला बांधील नसतो, तसेच येथेही आहे. एक जोडीदार एए आणि दुसरा एएस असेल तर एकही अपत्य एसएस होत नाही. एएस व्यक्ती वयानुसार एसएस होत नाही, औषधाने एए होत नाही आणि तिच्यापासून कोणाला लागणही होत नाही.

तरीही वाहक, म्हणजे एएस, मुलगी म्हटले की स्थळ फिरते, आणि वाहक मुलाची तितकीशी चौकशी होत नाही. दोन एएस व्यक्तींच्या विवाहाआधी समुपदेशन व्हावे एवढेच विज्ञान सांगते. एका बाजूच्या एएसला दोष मानण्यास त्यात कसलाही आधार नाही.

सिकलसेलचे जनुक अप्रभावी आहे, म्हणजे एकच प्रत असता त्याचा परिणाम दिसत नाही, असे पाठ्यपुस्तकी उत्तर आहे. रुग्णाच्या त्रासाकडे पाहिले तर ते बरोबर आहे. पण एएस व्यक्तीच्या तांबड्या पेशीत डोकावले तर दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते, त्यात बदललेल्याचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के. म्हणजे प्रथिनाच्या पातळीवर दोन्ही रूपे सहप्रभावी आहेत. या प्रमाणात तंतू जुळायला इतका वेळ लागतो की तोवर पेशी फुप्फुसात परत पोहोचलेली असते. प्रभावी किंवा अप्रभावी असणे हा जनुकाला चिकटलेला गुण नव्हे, तो कोणत्या पातळीवर पाहिले यावर ठरतो, ही गोष्ट वर्गात क्वचितच स्पष्ट केली जाते.

हिवतापाच्या पातळीवर तर चित्र आणखीच पालटते. १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून असे मांडले की एएस व्यक्तींना फाल्सिपेरम जातीच्या हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. ज्या प्रदेशांत लहान मुले या हिवतापाने मरत होती तेथे एए मुले हिवतापाने आणि एसएस मुले रक्तक्षयाने दगावत, एएस मुले तुलनेने अधिक संख्येने जगत आणि त्यामुळे एस हे रूप पिढ्यान्पिढ्या टिकून राहिले. मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात हिवताप आणि सिकलसेल हातात हात घालून आढळतात त्यामागे हेच कारण आहे. हे संरक्षण एसएस रुग्णाला मात्र लाभत नाही. त्याला हिवताप झाला तर तो जिवावर बेतू शकतो.

भारतात हा बदल प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासी समाजांत नोंदवला गेला. महाराष्ट्रात तो गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांत आढळतो, पण विदर्भातील अनेक बिगरआदिवासी जातींतही आहे. त्याला केवळ आदिवासींचा आजार म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत आजाराचे उच्चाटन हे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीचा पहिला टप्पा गावातच होतो : बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतील द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात, रेघा स्वच्छ दिसल्या तर एस नाही, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर एस आहे. एएस की एसएस हे यातून कळत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम चाचणी लागते. इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर एएसचे दोन पट्टे उमटतात, तर एसएसमध्ये निरोगी हिमोग्लोबिनचा पट्टा नसतो. पॉलिंग यांचा प्रयोग आता जिल्हा रुग्णालयात रोज होतो तो असा.

एसएस बालकाला जन्मानंतरचे पहिले काही महिने त्रास होत नाही, कारण गर्भावस्थेत बीटाऐवजी गॅमा या साखळीचे हिमोग्लोबिन बनते आणि ते जन्मानंतर हळूहळू मागे पडते. गॅमाचे जनुक ११व्या गुणसूत्रावर बीटाच्या शेजारीच शाबूत असते, फक्त ते बंद केलेले असते. कोणते जनुक कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती चालावे याला जनुकनियमन म्हणतात. हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त आणि वर्षानुवर्षे वापरातले औषध गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून झटके कमी करते. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला, डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राचा उपचार त्याच वाटेने पुढे जातो : रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून, गॅमाला दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचा रक्तपेशींतील नियंत्रक भाग कापून निकामी केला जातो आणि त्या पेशी परत सोडल्या जातात. बीटा जनुकातील चुकीचे अक्षर त्यात दुरुस्त होत नाही. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे, तेव्हा नंदुरबारमधील धडगाव किंवा गडचिरोलीतील एटापल्लीच्या रुग्णासाठी हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेळेवर पोहोचणे हाच आजचा खरा प्रश्न आहे. शिवाय हा बदल रक्त तयार करणाऱ्या पेशींपुरताच असतो, अंडपेशी आणि शुक्रपेशींपर्यंत तो जात नाही. म्हणून उपचाराने वेदनामुक्त झालेली एसएस व्यक्तीही आपल्या प्रत्येक अपत्याला एस हीच प्रत देते, आणि तिच्या जोडीदाराची तपासणी पूर्वीइतकीच आवश्यक राहते.