बाँड पेपरवरची सही

भिवंडीत धामणकर नाक्याच्या आतल्या गल्ल्यांत शिरलं की मागांची खडखड पाठ सोडत नाही. खाली लूम, वर बिऱ्हाड. गावाचं पोट या खडखडीवर चालतं. आणि कुठल्याही तालुक्याच्या कोर्टाबाहेर असतात तशी इथेही टायपिंगवाल्यांची टेबलं आहेत, जिथे भाडेकरारापासून उसनवारीपर्यंत सगळं बाँड पेपरवर लिहून मिळतं. अशा टेबलांवर दोन कागद वारंवार टाइप होतात. एकात लिहिलेलं असतं की 'अपघाताबद्दल मला रक्कम मिळाली, शेठविरुद्ध माझी काही तक्रार नाही.' दुसऱ्यात, 'आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत, यापुढे पत्नी पोटगी मागणार नाही.' खाली सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. शिक्का बघितला की माणूस समजतो, आता सगळं संपलं.

ते संपलेलं नसतं, हेच मला या लेखात सांगायचं आहे.

आधी कारखान्याकडे बघू. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हा कायदा 1923 सालचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढं पुरतं. मुकादमाने आणलेला माणूस असला तरी ज्याचं काम चालू होतं त्या मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही; त्याने पुढे मुकादमाकडून वसूल करावं.

आता रकमेचा हिशेब. समजा, तीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा मशीनच्या पट्ट्यात जाऊन तुटला. पगार महिना 15,000 रुपये. 2020 पासून हिशेबासाठी धरण्याची कमाल मर्यादाही तेवढीच. 1923च्या कायद्याच्या तक्त्यात तिशीच्या माणसाचा गुणक 207.98 आहे आणि अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरलं जातं. पगाराच्या साठ टक्क्यांना, म्हणजे 9,000 ला, या गुणकाने गुणायचं आणि त्याचे 30 टक्के काढायचे. उत्तर येतं 5,61,546 रुपये. टेबलावरच्या कागदात 'वीस हजार मिळाले' असं लिहिलेलं असेल, तर दोन आकड्यांमधलं अंतर वाचकानेच मोजावं.

शिवाय तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेल्या एका सुताराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याला पूर्ण अपंगत्वाची भरपाई देणं न्यायालयाने 1975 साली योग्य ठरवलं. दोन्ही हातांनी तुटलेला धागा जोडणाऱ्या माग कामगाराच्या वकिलाने हा निकाल जवळ ठेवावा.

आणि तो कागद? हक्क सोडून देणारा करारच या कायद्याने रद्दबातल ठरवला होता. एकरकमी तडजोड करायची तर ती भरपाई आयुक्ताकडे नोंदवावी लागे. न नोंदवता पैसे देणाऱ्या मालकाला पुढे पूर्ण भरपाई द्यावी लागे, आणि आधी दिलेल्या रकमेतला निम्म्याहून जास्त भाग त्याला सहसा वजाही करता येत नसे. एका महिन्यात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर दंड निम्म्या रकमेपर्यंत. दाव्याला मुदत दोन वर्षांची होती, म्हणून थांबू नये. ज्याचा ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, हप्ता कापला जातो त्याची वाट वेगळी. त्याने ईएसआयकडे अर्ज करायचा.

दावा कुठे पडतो, तर इस्पितळाच्या पहिल्या कागदावर. सोबत आलेला माणूस 'घरी पडला' असं सांगतो आणि डॉक्टर तेच लिहितात. इजा कुठल्या कारखान्यात, किती वाजता, कशाने झाली, हे जखमीने किंवा घरच्यांनी तिथेच लिहून घ्यावं. पगाराची चिठ्ठी नसेल तर मोबाइलवर आलेले पैसे दाखवावेत, शेजारच्या मागावरचा सोबती साक्षीला आणावा.

पैसे घेतल्याने हक्क संपत नाही, हे कारखान्याबाहेरच्या दुर्घटनेलाही लागू आहे. 21 सप्टेंबर 2020च्या पहाटे भिवंडीच्याच पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपेतल्या माणसांवर कोसळली. किमान 38 जण गेले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी सरकार जाहीर करतं ती सानुग्रह मदत. ती घेतली म्हणून जबाबदार माणसांविरुद्ध भरपाई मागायचा मार्ग बंद होत नाही.

आता दुसरा कागद. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न बाँड पेपरवर मोडत नाही. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि ते सोपं नाही. 'फारकत झाली' या समजुतीवर दुसरं लग्न केलं, तर ते रद्द ठरतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. भिवंडीतल्या मुस्लिम बायकांनाही हे ठाऊक असायला हवं: एका दमात दिलेला तलाक, कागदावर असो की मोबाइलवर, 2019 च्या कायद्याने रद्द आहे. नवऱ्याने दोन वर्षं पोसलं नाही किंवा चार वर्षं त्याचा पत्ता नाही, तर 1939च्या कायद्याने बाईला स्वतः घटस्फोट मागता येतो. तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2024 ला स्पष्ट केलं.

पोटगी सोडल्याचं लिहून दिलं असेल तर? एका बाईने 8,000 रुपये एकरकमी घेऊन तडजोड केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलं, पुढची पोटगी सोडून देणारा असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे. तिला हिंदू दत्तक व पोटगी कायद्याखाली दावा करता येतो. इथे एक सावधगिरी हवी. परस्पर संमतीच्या घटस्फोटात कोर्टापुढे दाखल केलेल्या अटींचं वजन बाँड पेपरपेक्षा फार मोठं असतं. त्या अटी घरी नेऊन, कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

'माझी कमाईच नाही' असं सांगणारे नवरे खूप भेटतात. रजनीश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी निकालाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून अर्ज लवकर करावा. नवरा गावी निघून गेला तरी बायको जिथे राहते तिथेच तिला तो करता येतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून टायपिंगच्या टेबलावर जाणाऱ्यांसाठी 1987 चा विधी सेवा कायदा आहे. कुठल्याही स्त्रीला, औद्योगिक कामगाराला आणि सामूहिक आपत्तीत सापडलेल्याला त्यात फुकट वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन 15100. जाताना तो बाँड पेपरही सोबत न्यावा. शेठने अपघाताचे पैसे दिले म्हणजे माणूस त्याच्याच कारखान्यातला होता, हे तो कागदच सांगत असतो.