ईसीजी नॉर्मल आला, तरी डॉक्टर थांबायला का सांगतात?

छातीत दुखतं म्हणून दवाखाना गाठला, ईसीजी नॉर्मल आला की अनेकजण 'गॅसच असेल' म्हणत घरी निघतात. घोळ इथेच होतो. ईसीजी म्हणजे हृदयातल्या विद्युत हालचालींची साधारण १० सेकंदांची नोंद. हार्ट अटॅकच्या सुरुवातीला ती नॉर्मलही दिसू शकते. म्हणून डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. पण ते वाढायला काही तास लागू शकतात, त्यामुळे एका तपासणीवर भागत नाही. मधुमेही, वयस्कर आणि महिला रुग्णांमध्ये तर कधीकधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, घाम सुटतो, मळमळतं. महाराष्ट्रात १०८ वर फोन केल्यास मोफत रुग्णवाहिका मिळते.