पऱ्यांचं रिंगण

या रे, जवळ या. आजची गोष्ट वेल्समधली, तिथल्या मेंढ्यांच्या कुरणांतली.

पाऊस पडून गेला की तिथल्या गवतात कधीकधी भूछत्र्यांचं गोलच्या गोल रिंगण उगवतं. म्हातारी माणसं सांगत, रात्री इथे पऱ्यांनी फेर धरला होता. आत पाऊल टाकू नका! टाकलंत तर त्या तुम्हाला नाचवतील. तुम्हाला वाटेल घटकाभर नाचलो, आणि बाहेर वर्ष उलटलेलं असेल. जर्मनीत हेच रिंगण चेटकिणींचं.

१८०७ साली विल्यम वोलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने या कोड्याला हात घातला. पॅलॅडियम धातू शोधणारा तो हाच. त्याने ओळखलं, की नाचणारं जे कोणी आहे ते मातीखाली आहे.

त्याचं असं होतं. बुरशीचा एक बीजाणू मातीत रुजतो. त्यातून केसाहून बारीक तंतू फुटतात आणि चहूबाजूंनी सारखेच पसरत जातात. मधल्या मातीतलं अन्न खाऊन संपलं की मागे फिरण्यात अर्थ नसतो, पुढेच सरकायचं! म्हणून रिंगण वर्षागणिक रुंदावतं. वर दिसतात त्या छत्र्या म्हणजे नुसती फळं. झाड म्हणावं ते सगळं खाली. तंतू मातीतला पालापाचोळा कुजवतात, त्यातला नायट्रोजन गवताला मिळतो आणि कडेचं गवत गर्द हिरवं होतं.

यातली एक जात मला फार आवडते, मॅरॅस्मियस ओरिएडिस. उन्हात तिची छत्री सुकून आक्रसते. मेली म्हणावं, तोच सर येते, छत्री फुगते आणि पुन्हा बीजाणू सोडू लागते!

फ्रान्समध्ये बेलफोर्टजवळ दुसऱ्या एका जातीचं रिंगण आहे, सुमारे सहाशे मीटर रुंद. वय सातशे वर्षांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. म्हणजे इकडे यादवांचं राज्य मावळत होतं, त्या सुमारास तिकडे तो एक बीजाणू रुजला असेल. आज त्याला प्रदक्षिणा घालायची तर जवळजवळ दोन किलोमीटर चालावं लागेल.

आणि पऱ्या? त्यांचं नाव शास्त्रज्ञांनीच राखलंय. जपानच्या शिझुओका विद्यापीठातल्या हिरोकाझू कावागिशी यांच्या चमूने रिंगण धरणाऱ्या एका बुरशीतून गवत वाढवणारं रसायन वेगळं काढलं. अशा रसायनांना ते ‘परी-रसायनं’ म्हणतात. पुढे कळलं, की भाताचं रोपसुद्धा तेच रसायन स्वतःच्या अंगात तयार करतं.