जुन्या वाड्यांची नाडीपरीक्षा

१९६१ च्या जुलैंत पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांत मुठेकाठचे माती-विटांचे कित्येक वाडे बसले. आतां धरण न फुटतांही धोका आहे. हवामान पालटल्यानें थोड्या तासांत धो-धो कोसळणारा पाऊस वाढत आहे. तरी सर्वच वाडे सारखे दुबळे नव्हेत. पाऊस किती पडतो याबरोबरच भिंत किती लवकर सुकते, हेंही पाहिलें पाहिजे. चुन्याच्या गिलाव्यांतून ओल बाहेर पडते. वर सिमेंट थापलें, कीं ती आंतच कोंडते आणि तुळयांचीं टोकें कुजविते. यास्तव वाचकहो, पावसाळ्यापूर्वीं जोतें, पन्हळी व तुळयांचीं टोकें जाणत्या गवंड्याकडून अवश्य तपासून घ्यावीं. पडलेली भिंत पुन्हां उभी करतां येईल. पण शंभर वर्षें तग धरलेली सागाची तुळई पुन्हां मिळणें कठीण!