लिंकचा पत्ता उलटा वाचा!

नागपूरच्या जीपीओचा पिनकोड आहे ४४०००१. पहिला आकडा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. (वेलणकर संस्कृतचे कवीही होते, बरं का!)

इंटरनेटवरच्या लिंकलाही पत्ता असतो. पण त्यातलं वेबसाइटचं नाव उजवीकडून वाचायचं! नागपूर जिल्ह्याची सरकारी वेबसाइट आहे ‘नागपूर.जीओव्ही.इन’. शेवटचं ‘इन’ म्हणजे भारत. त्याआधीचं ‘जीओव्ही’ म्हणजे सरकार. ते इतर कुणाला मिळत नाही. मग नागपूर.

आता समजा, आईच्या मोबाइलवर मेसेज आला, ‘बिल थकलंय, आज रात्री वीज कापणार, इथे दाबा.’ लिंक आहे ‘नागपूर.जीओव्ही.इन.एक्झाम्पल.कॉम’. तुम्ही म्हणाल, सरकारीच की! उजवीकडून वाचा पाहू. मालक निघाला ‘एक्झाम्पल.कॉम’. डावीकडचं सगळं त्याने मनाला येईल तसं जोडलेलं. (एक्झाम्पल.कॉम हा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, म्हणून इथे घेतला.)

कधी कधी तर लिंकवर लिहिलेलं एक आणि आतला पत्ता भलताच! तो बाहेर काढायला ब्राउझरमध्येच एक भाषा असते, जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत केला. कॉम्प्युटरवर एखादं वेबपेज उघडा, एफ१२ दाबा आणि ‘कन्सोल’मध्ये इंग्रजीत लिहा : डॉक्युमेंट.लिंक्स[०].होस्टनेम. पानावरच्या पहिल्या लिंकच्या वेबसाइटचं नाव हजर! शून्य का? कारण ही भाषा शून्यापासून मोजते. होस्टनेमच्या जागी ‘पाथनेम’ लिहिलंत तर आतल्या पानाची वाट मिळते, ‘सर्च’ने प्रश्नचिन्हापासूनचा मजकूर, ‘प्रोटोकॉल’ने सुरुवातीचं एचटीटीपीएस. मात्र दुसऱ्याने पाठवलेली ओळ तिथे कधीही चिकटवायची नाही.

२०१४ पासून ‘.भारत’ असे देवनागरी पत्तेही मिळू लागले. त्यांचं होस्टनेम विचारलंत तर शेवटी ‘भारत’ नाही, ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ येतं! घाबरू नका, ते खोटं नाही. इंटरनेटची जुनी यंत्रणा रोमन अक्षरांवरच चालते, म्हणून आपल्या भारतचं ते तिच्यासाठी केलेलं रूप आहे.