चंचल मुले, जनुके आणि मेंदूची घडण

एका जागी पाच मिनिटेही न बसणारे, सांगितलेले अर्धवट ऐकून पळणारे, शिक्षकांचा प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तर देऊन मोकळे होणारे मूल 'द्वाड' ठरते आणि त्याच्या आईवडिलांवर वळण न लावल्याचा ठपका येतो. अशा मुलांपैकी काहींना 'अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर' अर्थात 'एडीएचडी' हा विकार असतो. लक्ष एकाग्र न होणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही त्याची प्रमुख लक्षणे. हा दोष संस्कारांचा की मेंदूच्या घडणीचा, याचे उत्तर गेल्या दोन दशकांतील संशोधनाने बऱ्याच अंशी स्पष्ट केले आहे.

या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार, व्यक्तीव्यक्तींमध्ये या बाबतीत जो फरक आढळतो त्यातील सुमारे ७४ टक्के भाग आनुवंशिक घटकांमुळे असतो. आईवडिलांपैकी एकास विकार असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता ७४ टक्के असते, असा याचा अर्थ मात्र नव्हे.

तीन वर्षांचा विलंब

मेंदूच्या बाह्य थरास 'कॉर्टेक्स' म्हणतात. बालपणी तो जाड होत जातो, कमाल जाडी गाठतो आणि पुढे पातळ होऊ लागतो. अमेरिकेतील 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ' या संस्थेत फिलिप शॉ व सहकाऱ्यांनी हा विकार असलेल्या आणि नसलेल्या प्रत्येकी २२३ मुलांच्या मेंदूचे 'एमआरआय' तपासले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, कॉर्टेक्सच्या निम्म्या भागाने कमाल जाडी गाठण्याचे वय इतर मुलांत साधारण साडेसात वर्षे, तर विकारग्रस्त मुलांत साडेदहा वर्षे होते. लक्ष आणि संयम यांच्याशी संबंधित असलेल्या पुढील भागात हा विलंब सर्वाधिक होता. विकासाचा क्रम मात्र दोन्ही गटांत सारखाच होता.

याच गटाने २००७ मध्येच 'डीआरडी४' या जनुकाचाही अभ्यास प्रसिद्ध केला. डोपामाइन हे रसायन मेंदूतील पेशींमध्ये संदेश पोहोचविते. तो संदेश स्वीकारणाऱ्या एका प्रथिनाची कृती या जनुकात असते. जनुकातील एक तुकडा काही व्यक्तींत सात वेळा आलेला असतो. अशा मुलांत लक्षाशी निगडित भागांतील कॉर्टेक्स पातळ आढळला. विशेष म्हणजे, विकारग्रस्त मुलांपैकी ज्यांच्यात हा प्रकार होता, त्यांची प्रगती पुढे अधिक चांगली झाली आणि मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका भागातील जाडी वयाबरोबर इतरांसारखी झाली. धोका वाढविणारे मानले गेलेले जनुक असूनही भविष्य वाईटच असते असे नाही, हे यातून दिसले.

एक जनुक नव्हे, अनेक

पुढील संशोधनाने चित्र अधिक व्यापक केले. २०२३ मध्ये ३८,६९१ रुग्ण आणि १,८६,८४३ इतर व्यक्तींच्या जनुकीय तपासणीतून विकाराशी संबंधित २७ जागा आढळल्या. प्रत्येकीचा परिणाम अत्यल्प असतो. अनेक लहान फरक एकत्र आले की जोखीम वाढते. २०१७ मध्ये ३,२०० हून अधिक व्यक्तींच्या 'एमआरआय'वरून मेंदूच्या आतील काही भागांचे आकारमान विकारग्रस्तांत किंचित कमी असल्याचे दिसले. हा फरक मुलांत अधिक होता. मात्र तो सरासरीचा फरक आहे. एखाद्या मुलाच्या चित्रावरून विकार ओळखता येत नाही.

रक्त किंवा लाळेच्या जनुकीय चाचणीवरूनही निदान होत नाही. शिवाय २०२३ च्या अभ्यासातील व्यक्ती युरोपीय वंशाच्या होत्या आणि 'डीआरडी४'चा सात वेळा पुनरावृत्तीचा प्रकार दक्षिण आशियात विरळ आढळतो. त्यामुळे अशा निष्कर्षांवर बेतलेली चाचणी आपल्याकडील मुलांबाबत आणखीच कमी भरवशाची ठरते. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, निदान सहा महिने टिकलेल्या लक्षणांवरून तज्ज्ञ डॉक्टर निदान करतात. वर्तन-प्रशिक्षण, शाळेचे सहकार्य आणि गरज असल्यास औषधे यांचा उपयोग होतो.

मुलाचा मेंदू आपल्या गतीने घडत असेल, तर त्याचा दोष त्याच्या हट्टीपणाला किंवा आईच्या संगोपनाला देणे अन्यायाचे ठरते. जनुकांनी ठरविलेली ही गती म्हणजे अंतिम निकाल नव्हे. योग्य वेळी मदत मिळाल्यास बरेच काही साध्य होते, हे पालक व शिक्षकांनी लक्षात घ्यायला हवे.