उघडण्यासाठी झाकण

घरगुती मत्स्यपालनावरची जी पुस्तके मी गेल्या काही वर्षांत जमवली, त्यांत मासे, पाणवनस्पती, फिल्टर, रोगराई यांना प्रकरणेच्या प्रकरणे मिळाली आहेत. झाकणाच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. त्यातही ‘मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून’ एवढेच कारण असते. मी मत्स्यशास्त्राचा पदवीधर नाही. घरातल्या साध्या वस्तू अशाच का घडल्या, हे शोधत बसणे हा माझा जुना नाद. त्या नादापायी कुणाच्या घरी टाकी दिसली की मी आधी तिचे झाकण उघडून पाहतो. त्यातून एक मत पक्के झाले आहे. झाकण किती घट्ट बसते, यापेक्षा ते किती सहज उघडते, यावर आतल्या जिवांचे आयुष्य अधिक अवलंबून असते.

काचेच्या टाकीचा जन्म एका बंद पेटीच्या शेजारी झाला. लंडनचे डॉक्टर नाथॅनियल वॉर्ड यांना १८२९च्या सुमारास बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवलेला दिसला. त्यावरून त्यांनी वनस्पतींसाठी बंद काचपेट्या केल्या आणि १८४२ साली त्यावर पुस्तक लिहिले. १८४५ मध्ये ब्रिटनमधला काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकाच पात्रात तोल राखून कशा जगतात, ते मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला. वॉर्डच्या पेटीचा गुण हा, की ती दीर्घकाळ न उघडता चाले. माशांची टाकी दिसायला तिची बहीण, पण स्वभाव उलटा. मासे खातात, घाण करतात, त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. इथे हात घालावाच लागतो.

मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. मोठ्या मत्स्यालयांत साधारणपणे प्रेक्षक पुढून पाहतात आणि सेवक मागच्या बोळातून, वरून काम करतात. घरच्या टाकीला मागचा बोळ नसतो. तिथे पाहणारा आणि राबणारा एकच, आणि त्याला कामाची वाट एकच: झाकण.

झाकणाची गरज खरीच आहे. आपल्याकडच्या नद्यांतला झेब्रा डॅनिओ चपळ आणि उड्या मारणारा. ‘मिस केरळ’ नावाने विकला जाणारा डेनिसन बार्ब दचकला की उसळी घेतो. केरळ-कर्नाटकच्या घाटांतल्या प्रवाहांचा हा रहिवासी. २०१३ साली त्याच्या प्रजातीगटाला ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळाले आणि निसर्गात तो आज धोक्यात आलेला मासा गणला जातो. असा मासा सकाळी फरशीवर सुकलेला सापडणे वाईटच. शिवाय वरून धूळ पडते, कधी पाल पडते.

पण डबा बंद करावा तशी टाकी बंद करता येत नाही. पाण्यात प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागावरून शिरतो आणि पाणी तापले की तो कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण साडेसात. फायटर आणि गोरामी हे मासे तर वर येऊन हवाच गिळतात. त्यांच्यासाठी पाणी आणि झाकण यांच्यात दोन-तीन बोटांची पोकळी लागते. बाष्पीभवनाचा हिशेबही मजेदार आहे. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. बाहेरून उष्णता आत आली नाही, तर शंभर लिटरची टाकी एवढ्याने जवळजवळ सहा अंश उतरेल. म्हणून नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात काचेऐवजी जाळीचे झाकण टाकीला गारवा देते. मुंबईच्या दमट हवेत तोच लाभ तुटपुंजा. मात्र पाणी उडते तेव्हा क्षार मागेच राहतात. नुसती भर घालत राहिलो तर पाणी जड होत जाते, थोडे पाणी काढून बदलावेच लागते. म्हणजे पुन्हा हात आत.

आत जाणारा हात तीन प्रकारचा असतो. रोजचा, चिमूटभर खाद्य टाकणारा. त्याला तळहाताएवढी फट पुरते. आठवड्याचा, सायफनची नळी आणि काच घासायचा स्पंज घेऊन कोपरापर्यंत उतरणारा. त्याला अर्धी टाकी मोकळी हवी. आणि कधीतरीचा, आजारी किंवा मेलेला मासा जाळीने काढणारा. त्याला सगळे झाकण बाजूला करता आले पाहिजे. चांगले झाकण या तिन्ही हातांना वाट देते. बाजारातली बरीच झाकणे पहिल्याच हाताचा विचार करून केलेली असतात.

माझ्या परिचयातल्या एका घरी टाकी शोकेसच्या खणात बसवली होती आणि वरच्या फळीत जेमतेम वीतभर जागा होती. झाकण एकसंध काचेचे. आजोबा फटीतून नियमाने खाद्य टाकत. पण झाकण काढायला दोन माणसे लागत आणि दोघांना एकत्र सवड होत नसे. फिल्टरच्या मागे एक मासा मरून पडला, तो कुणाला दिसला नाही. थोडा अमोनिया पाण्यात असला तर ना रंग दिसतो, ना वास येतो. आठवडाभरात बाकीचे मासेही गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल. झाकलेल्या टाकीचे तसे नसते.

आता निवडीकडे. काचेचे वजन ठोकताळ्याने काढता येते. एक चौरस मीटर काच, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला अडीच किलो. तीन फूट बाय दीड फूट टाकीवर चार मिलिमीटरची अखंड काच टाकली, तर ती चार किलोंच्या वर जाते. ओल्या हातांनी एवढे वजन उचलायचे म्हणजे काम पुढे ढकलायला निमित्तच. तीच काच दोन भागांत घ्यावी. मधे बिजागरीची पट्टी लावली की पुढचा अर्धा भाग दारासारखा उघडतो. वर जागा नसेल तर खाचेत सरकणाऱ्या दोन काचा बऱ्या. मात्र खाचेत शेवाळ साचते, ती पुसावी लागते. अ‍ॅक्रिलिक हलके, पण खालच्या बाजूने ओल शोषून त्याला बाक येतो. ते घ्यायचेच तर अरुंद तुकडे घ्यावेत आणि अधूनमधून उलटवावेत. दिवे बसवलेला प्लास्टिकचा टॉप दिसायला नेटका. त्याची पुढची झडप केवढी उघडते आणि दिव्याची तार न काढता टॉप उचलता येतो का, हे पाहून घ्यावे.

काचवाल्याकडे चार गोष्टी सांगाव्यात. कडा घासून दे. मागचे कोपरे नळ्या-तारांसाठी काप. पुढच्या काठाजवळ मूठ चिकटव. आणि झाकण टाकीच्या काठाच्या किंचित आत बसू दे, म्हणजे खाली जमलेले थेंब टाकीतच परततील. तारेला प्लगच्या खाली एक झोळ ठेवावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली गळते. टाकीच्या वर निदान टाकीच्या उंचीइतकी मोकळी जागा असावी.

मुंबईत गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांना डासांसाठी घट्ट झाकण हवे, तशी तपासणीसाठी शिडीही हवी, असा महापालिकेचा आग्रह असतो. झाकण आणि शिडी यांची ही जोडी मला फार शहाणपणाची वाटते. झाकायचे ते जपण्यासाठी, आणि जपायचे तर पोहोचता आले पाहिजे.

म्हणून दुकानात झाकण पसंत करताना रंग आणि चकाकी शेवटी पाहावी. घरात टाकी साफ करणार कोण, त्या व्यक्तीला सोबत न्यावे. तिने एका ओल्या हाताने, कुणाची मदत न घेता, झाकण उघडून दाखवावे. तिला ते जमले, तर ते झाकण घ्यावे. माशांना आतून ते उघडता येत नाही.